खाऱ्या ग्लायकॉलचा आकडा

तिला कारखान्यात सगळे काटेकोरबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’ आणि पाठ फिरली की काटेकोरबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. लॅबच्या टेबलावर कुणी चहाचा कप ठेवला तर ती एका शब्दानं बोलायची नाही. कप उचलून बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची आणि त्या जागी कोरडं फडकं फिरवायची. तो माणूस पुन्हा कप ठेवायचा नाही.

लग्न तिनं केलं नव्हतं. कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत एकटी राहायची. दर रविवारी दुपारी जेवायला धाकट्या भावाकडे जायची. भाऊ, भावजय आणि म्हातारे बाबा असं ते घर वसाहतीच्याच दुसऱ्या टोकाला होतं. भावाला या कारखान्यात चिकटवलं तेही तिनंच. तो पंपावर ऑपरेटर होता. स्वभावानं अबोल, सरळ नाकासमोर चालणारा. लॅबमध्ये मात्र तो कधी यायचा नाही. बहिणीच्या जिवावर मिरवतो असं कुणी म्हणू नये म्हणून त्यानं स्वतःच तो उंबरा बंद करून घेतला होता.

कारखाना समुद्राकाठी. समुद्राच्या तळातून एक लांबलचक पाइप गॅस घेऊन किनाऱ्यावर यायचा. त्या गॅसबरोबर पाणीही यायचं, आणि तळातल्या गारठ्यात गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखे पांढरे गोळे धरायचे. गोळे साचले की पाइप तुंबला. ते होऊ नये म्हणून पाइपच्या पलीकडच्या तोंडाशी ग्लायकॉल सोडत. ग्लायकॉल म्हणजे मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते जाडसर, गुळगुळीत पाणी. ते गोळे धरू देत नाही. वाटेतलं पाणी पोटात घेऊन ते किनाऱ्यावर परत आलं की इथे भट्टीत उकळून त्यातलं पाणी उडवायचं, आणि दमदार झालेलं ग्लायकॉल पुन्हा पाठवायचं. तेच ग्लायकॉल वर्षानुवर्षं असं फिरत राहायचं.

ते किती दमदार आहे हे सांगायचं काम काटेकोरबाईंचं. रीत सोपी होती. ग्लायकॉल पाण्यापेक्षा जड. तेव्हा मिश्रणाची घनता मोजायची. जितकं जड तितकं ग्लायकॉल जास्त. भिंतीवर एक तक्ता होता, त्यात बघून टक्के सांगायचे. पाण्याबरोबर चिमूटभर मीठ येतंच, ते मिश्रणाला किंचित जड करतं, म्हणून एक ठरलेला आकडा वजा करायचा. कारखाना सुरू झाला तेव्हा कुणीतरी तो आकडा ठरवला होता आणि तेव्हापासून तो बरोबरच येत होता. बाई नमुना ठरलेल्या तापमानाला आणायची, घनतेच्या मीटरच्या काचनळीत बुडबुडा राहिला नाही ना हे भिंग धरून पाहायची, नळी दोनदा धुवायची, तिसऱ्यांदा कोरडी करायची. तिच्या आकड्याबद्दल कुणी कधी फिरून विचारलं नव्हतं.

त्या वर्षी थंडीत एका सकाळी पाइप तुंबला. गॅस बंद. पुढे ज्यांच्या भट्ट्या आणि चुली त्या गॅसवर चालायच्या त्यांचे फोनवर फोन. दोन्हीकडून दाब कमी करून गोळे वितळवेपर्यंत कारखान्यातल्या प्रत्येकाच्या तोंडचं पाणी पळालं. पाइप मोकळा झाला आणि मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं.

साहेबांचा प्रश्न सरळ होता. एक तर ग्लायकॉल पातळ होतं, नाहीतर पंपातून कमी सोडलं गेलं. दोन्हींतलं काय?

बाई उठली. “ग्लायकॉल दमदार होतं. माझ्या आकड्यात खोट नाही. तेव्हा पंपावरच कमी पडलं असणार.”

“पंपावर कोण होतं?” साहेबांनी विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे टेबलाकडे बघत होते.

“माझा भाऊ,” बाई म्हणाली.

इथे ती थांबली असती तरी चाललं असतं. पण खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या, आणि बाई आता भावाला पाठीशी घालते का हे ते पाहताहेत असं तिला वाटलं. म्हणून ती पुढे बोलली. “तो माझा भाऊ आहे म्हणून मी पांघरूण घालणार नाही. त्याला लहानपणापासून डुलकीची सवय आहे. पुस्तक उघडलं की झोपायचा.”

दोघं-तिघं हसले. भाऊ मागे दाराशी उभा होता. किती ग्लायकॉल सोडलं ते दाखवणारं पंपावरचं मीटर त्याच आठवड्यात दुरुस्तीसाठी काढून नेलेलं, त्यामुळे त्याच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. तो एवढंच म्हणाला, “मी झोपलो नव्हतो.” तो साहेबांकडे बघून बोलला नाही, बहिणीकडे बघून बोलला. बाई समोरच्या कागदावरची ओळ वाचत राहिली. त्या ओळीत काय होतं हे तिला नंतर कधीच आठवलं नाही.

भावाला पंपावरून काढून पिंपांच्या आवारात टाकलं. रिकामी पिंपं लोळवायची, भरलेली उभी करायची, गाड्यांवर चढवायची.

घरी त्याहून वाईट झालं. बाबा जन्मभर बसचालक होते. इतकी वर्षं गाडी हाकली पण स्टीअरिंगवर कधी पापणी लवली नाही, हा त्यांचा एकुलता एक अभिमान. मुलगा ड्युटीवर झोपला हे ऐकल्यावर त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. एका घरात राहून, एका पंगतीला बसून, ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. आणि रविवारी लेक आली की मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “हिनं मात्र आपल्या माणसाचीही भीड ठेवली नाही. असं पाहिजे.” लेकीला तेव्हा ते ऐकून बरं वाटायचं. भाऊ खाली मान घालून जेवायचा. तिला वाटायचं, खाली मान आहे म्हणजे चूक कळली असणार.

हे किती काळ चाललं असतं कोण जाणे. पण एका दुपारी बाई जनरेटरच्या रेडिएटरमधलं पाणी तपासायला बसली होती. त्यासाठी लॅबमध्ये दुर्बिणीसारखी दिसणारी एक छोटी नळी होती, सगळे तिला दुर्बीणच म्हणत. तिच्या काचेवर थेंब टाकायचा, डोळा लावायचा, आणि थेंबातून जाताना प्रकाश किती वाकतो त्यावरून ग्लायकॉल किती ते वाचायचं. काम झालं. शेजारी त्या दिवशीचा पाइपचा नमुना उघडा होता. हातासरशी तिनं त्याचाही एक थेंब काचेवर टाकला. नुसताच, काही कारण नसताना.

दुर्बिणीतला आकडा तिच्या घनतेच्या आकड्यापेक्षा बराच कमी होता.

तिला वाटलं काच पुसली गेली नाही. पुसून पुन्हा टाकला. तेवढाच. कोरं पाणी टाकून दुर्बीण तपासली. दुर्बीण ठीक होती. पाइप तुंबला त्या दिवशीचे नमुने नियमाप्रमाणे कपाटात मोहोरबंद ठेवलेले होते. त्यातली एक बाटली तिनं काढली. त्यात वीज किती वाहते हे मोजायचं मीटर बुडवलं. ते मीटर लॅबमध्ये फक्त बॉयलरच्या शुद्ध पाण्यासाठी वापरायचे. काटा पट्टीच्या बाहेर गेला. शेवटी तिनं चिनी मातीच्या वाटीत चमचाभर नमुना घेतला आणि मंद आचेवर ठेवला. पाणी गेलं, ग्लायकॉलची गोडसर वाफ गेली. तळाशी पांढरी खरपुडी उरली. चिमूटभर नव्हे. बोटानं खरवडता येईल इतकी.

मीठ! जमिनीखालचं खारं पाणी गॅसबरोबर कधीचंच येऊ लागलं होतं. भट्टीत पाणी उडायचं, मीठ मागे राहायचं, आणि प्रत्येक फेरीला साचत जायचं. मीठही मिश्रणाला जड करतं. तिची काचनळी जडपणा मोजत होती आणि तो ग्लायकॉलचा समजून ती टक्के सांगत होती.

याच्याही मागचं तिला वाटी हातात धरूनच आठवलं. तुंबण्याआधी तिनं स्वतःच भट्टीवाल्यांना सांगितलं होतं, “ग्लायकॉल हवं त्यापेक्षा दमदार येतंय, आच कमी करा.” त्यांनी कमी केली. म्हणजे आधीच पातळ असलेलं ग्लायकॉल तिच्याच शब्दावर आणखी पातळ झालं. भावानं पंपातून ठरलेलं तेवढं सोडलं होतं. जे सोडलं त्यातच दम नव्हता.

तिचे कान तापले. लॅबमध्ये कुणी नव्हतं, तरी तिनं दाराकडे पाहिलं. मग वाटी घासून, पुसून, जागेवर ठेवली.

त्याच क्षणी उठून साहेबांकडे जायला हवं होतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण तिच्या मनानं एक वाट काढली. पूर्ण खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही. एकदा अर्धवट बोलून झालं, पुन्हा नको. हे म्हणणं वाजवी होतं, आणि त्याच्या आड लपताही येत होतं.

पाइप पुन्हा तुंबू नये म्हणून भट्टीवाल्यांना आच वाढवायला तेवढं तिनं सांगितलं, का ते सांगितलं नाही. मग ती कामाला लागली. शुद्ध ग्लायकॉल, शुद्ध पाणी आणि कोरडं मीठ तराजूवर तोलून तिनं स्वतः मिश्रणं बनवली. कमी ग्लायकॉल, जास्त मीठ, जास्त ग्लायकॉल, कमी मीठ, मधली सगळी. प्रत्येकाची घनता मोजली, वीज किती वाहते ते मोजलं, प्रकाश किती वाकतो ते मोजलं. तिन्ही एकाच तापमानाला, कारण गरम झालं की सगळेच आकडे सरकतात. हळूहळू चित्र उभं राहिलं. घनतेला मीठ आणि ग्लायकॉल दोघंही वर ढकलतात, तिथे कोण किती हे कळायला मार्ग नाही. विजेचं तसं नाही. मीठ तिला वाट देतं, ग्लायकॉल अडवतं. म्हणून दोन मापं एकत्र धरली की दोघं वेगवेगळे ओळखता येतात, आणि तिसऱ्या मापानं पहिल्या दोघांची उलटतपासणी होते. बाईनं मोठ्या कागदावर वक्ररेषांची जाळी काढली. एकीकडून घनता धरून यायचं, दुसरीकडून वीज. जिथे भेट होईल तिथे ग्लायकॉलही कळतं आणि मीठही.

काम सुंदर झालं होतं. एरवी तिनं अशा कामाचा आनंद लुटला असता. आता रेषा काढताना मध्येच हात थांबायचा आणि कानात ते दोघं-तिघं हसायचे.

मधले रविवार आले. ती जेवायला गेली. न जाणं जास्त संशयाचं दिसलं असतं. भावाच्या तळहातांवर फोड फुटून कातडी निघाली होती, त्याला घास नीट धरता येत नव्हता. भावजयीनं त्याच्या ताटाशी चमचा ठेवला. त्यानं तो बाजूला सरकवला. बाबा भिंतीकडे तोंड करून जेवत होते आणि भिंतीलाच सांगत होते, “कामात लक्ष नसलं की असं होतं.”

बाई म्हणाली, “बाबा.”

“काय गं?”

“काही नाही. पाणी देऊ का?”

घरी परतताना ती रस्त्यात स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, “पाणी देऊ का!” समोरून येणारी एक बाई दचकून बाजूला झाली.

कारखान्यात मीटर दुरुस्त करणारा एक जुना मेकॅनिक होता. तोंडाला विश्रांती नसल्यामुळे त्याचं नाव रेडिओ पडलं होतं. बाईनं त्याला बोलावून म्हटलं, “मला न सांगता पाच-सहा बाटल्या बनवा. पाहिजे तेवढं ग्लायकॉल घाला, पाहिजे तेवढं मीठ घाला. मी मोजून सांगते.”

“आणि नाही ओळखलंत तर?”

“तर माझं काम कच्चं.”

रेडिओनं मन लावून बाटल्या बनवल्या. एकीत नुसतं मीठपाणी घालून तिला चकवायलाही बघितलं. बाईनं सगळ्या ओळखल्या. ग्लायकॉल जवळजवळ अचूक, मीठ तर त्याहून. रेडिओनं तोंडात बोट घातलं. मग जाळीच्या कागदाकडे आणि कपाटातल्या मोहोर तोडलेल्या बाटलीकडे आळीपाळीनं पाहिलं आणि त्याच्या आयुष्यात क्वचितच घडतं ते घडलं, तो गप्प बसला. जाताना दारातून एवढंच म्हणाला, “बाई, पंपावरचं मीटर मीच काढून नेलं होतं. तेव्हा तोंड उघडायला पाहिजे होतं मी. एवढं बोलतो, पण तेव्हा नाही बोललो.”

आता तिच्याजवळ लपायला आडोसा उरला नाही. ती साहेबांकडे गेली.

“तुंबलं तेव्हाचा माझा आकडा चुकीचा होता,” ती म्हणाली, आणि कागद पसरून सगळं समजावून सांगितलं. साहेब हुशार होते, चटकन समजले.

“वा! हे छानच केलंत. म्हणजे यापुढे फसायला नको.”

“मी मागचं बोलतेय साहेब. भावाची चूक नव्हती.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. “हे बघा, तो विषय वरपर्यंत जाऊन मिटलाय. आता उकरला तर लॅबवर येईल, तुमच्यावर येईल, माझ्यावरही येईल. मोजायची नवी पद्धत आजपासून सुरू. भावाला मी परत पंपावर घेतो. त्याला त्याची जागा मिळाली, आणखी काय पाहिजे?”

“चालेल,” बाई म्हणाली.

तो शब्द इतक्या झटकन बाहेर पडला की तिची तीच चपापली. बाहेर येऊन जिन्यात कठड्याला धरून ती उभी राहिली. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि सुटल्यासारखं वाटतंय याचीच तिला किळस येत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भावाला बोलावून सांगितलं, “यावेळी माफ केलं. पुन्हा डुलकी नको.” भावानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग मला पिंपंच बरी.” तो आवारात परत गेला. जेवणाच्या सुट्टीच्या आत ही बातमी रेडिओनं गावभर केली होती.

बाई आवारात गेली. भाऊ हातमोजे घालून पिंपांची रांग लावत होता.

“नाही का म्हणालास?”

“माफी घेतली म्हणजे झोपलो होतो असं झालं.”

“तू झोपला नव्हतास.” वाऱ्यानं पिंपांची झाकणं खडखडत होती, म्हणून तिला ते मोठ्यानं बोलावं लागलं. “माझी मोजणी चुकली. ग्लायकॉलमध्ये मीठ होतं. मला कळलंय.”

भावानं पिंप उभं केलं. “कधी कळलं?”

आज, काल, परवा, असं काहीही तिला सांगता आलं असतं.

“महिना होत आला.”

तो काही वेळ तिच्याकडे बघत राहिला. चिडलेला दिसत नव्हता. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं तसा बघत होता. “महिना,” तो म्हणाला. मग वाकून पुढचं पिंप लोळवायला लागला. ती तिथे उभी होती तर तिला वळसा घालून त्यानं ते नेलं.

पुढची बैठक आली तेव्हा बाईनं साहेबांना न विचारता हात वर केला. तीच खोली, जवळपास तीच माणसं. भाऊ नव्हता, पिंपांवरच्या माणसांना बैठकीला बोलवत नाहीत. तिनं सगळं सांगितलं. मिठाचं, घनतेचं, भट्टीची आच कमी करायला सांगितल्याचं. मग हातातला कागद तिनं खाली ठेवला.

“आणखी एक,” ती म्हणाली. “तो लहानपणी पुस्तकावर झोपायचा असं मी इथे बोलले होते. त्याचा कामाशी काही संबंध नव्हता. मी भावाचीही भीड ठेवत नाही हे तुम्हा सगळ्यांना दाखवायचं होतं, म्हणून बोलले. आणि खरं कळल्यावरही मी महिनाभर गप्प बसले. त्याला माफी देऊ नका. त्यानं काही केलेलं नाही, असं लिहून लावा.”

साहेबांची कानशिलं लाल झाली होती. मग त्यांनी घसा खाकरला आणि पुढचा विषय काढला, तो कुंपणाला रंग द्यायचा होता. त्यावर मात्र सगळे भरभरून बोलले. बाईला वाटलं होतं आभाळ कोसळेल. तसं काही झालं नाही. तिनं खाली बसून रंगाचं सगळं ऐकून घेतलं. नंतर चहाच्या वेळी कुणीतरी ओरडलं, “बाई, चहात मीठ किती ते सांगा!” सगळे हसले. याच लोकांत आपला भाऊ हसण्यावारी गेला होता, आता आपणही जायला हवं, असं मनाशी म्हणत ती चहा पिऊन निघाली.

आठवड्याभरात साहेबांनी कुरकुरत का होईना, सूचनाफलकावर कागद लावला. त्याआधीच बाई घरी जाऊन आली होती. भाऊ कामावरून यायचा होता. बाबा आणि भावजय समोर बसले होते.

सगळं ऐकून बाबा म्हणाले, “म्हणजे तो जागा होता.”

“हो बाबा.”

“तू मुद्दाम खोटं बोलली नाहीस, हे मला कळतंय. पण मी रोज त्याच्याकडे पाठ करून जेवलो. त्याचं आता मी काय करू, सांग.”

भावजय उठली. एरवी ‘ताई’ म्हणणारी ती त्या दिवशी म्हणाली, “वन्सं, आकडा चुकला त्याचा मला राग नाही. आकडे चुकतात. पण तुम्ही बैठकीला गेलात, घरी आलात, इथे जेवलात, आणि एकदाही त्यांना विचारलं नाहीत, बाबा रे, तू झोपला होतास का? एवढा एक प्रश्न. परक्या माणसालाही विचारतात.” आणि ती आत निघून गेली.

काटेकोरबाईला आयुष्यात पुष्कळ जणांनी पुष्कळ काही सुनावलं होतं, तिनं प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. पुढे कितीतरी दिवस भांडी घासताना, चाळणी धुताना, रस्त्यानं जाताना ते वाक्य अचानक आठवून तिचा चेहरा जळायचा. ती एकटी असली तरी.

भाऊ पंपावर परत गेला. जेवणाच्या वेळी बाबा त्याच्या शेजारी बसू लागले. बोलणं मात्र दोघांनाही जमायला वेळ लागला, कारण बाबांना विषय सुचायचा नाही. शेवटी त्यांनी बसच्या जुन्या इंजिनांवरून सुरुवात केली आणि ती इंजिनं बरेच दिवस पुरली. बाई रविवारी जायची. तिला कुणी ये म्हणायचं नाही आणि येऊ नको असंही म्हणायचं नाही. ती ताट वाढून घ्यायची, जेवायची, भांडी घासायला बसायची. भाऊ विचारलं तेवढं बोलायचा.

लॅबमध्ये आता प्रत्येक नमुन्याची तीन मापं घ्यायची पद्धत पडली. कारखान्यात त्या जाळीच्या कागदाला ‘बाईंचा कागद’ म्हणू लागले. तिनं दोनदा सांगून पाहिलं, तसं म्हणू नका, पण ते नाव पडलं ते पडलं. तिची एक सवय बदलली. आकडा आणि बाहेरची हकिगत जुळली नाही तर ती फोन करायची नाही. हात पुसून स्वतः खाली जायची आणि ज्याचं काम असेल त्याला विचारायची, “तुम्ही काय पाहिलंत?” सुरुवातीला लोकांना वाटायचं बाई चौकशीला आल्यात. ते सावरून उभे राहायचे. तिला त्याचंही वाईट वाटायचं.

त्यानंतरच्या थंडीत मीठ पुन्हा चढलं. या वेळी ते वेळेवर कळलं, आणि ग्लायकॉलमधलं मीठ काढायची सोय होईपर्यंत रोज सकाळी मोजणी करायचं ठरलं. पहिल्या दिवशी नमुना घेऊन भाऊ आला. उंबऱ्याशी थांबला, मग आत आला आणि बाटली टेबलावर ठेवली. तिला वाटलं ठेवून जाईल. तो गेला नाही.

“मी बघतो,” तो म्हणाला. “कसं मोजतेस ते.”

तिनं नमुना तापमानाला आणला, काचनळी भरली, बुडबुडा पाहायला भिंग उचललं आणि मग ते आधी त्याच्यापुढे धरलं. त्यानं वाकून पाहिलं. “बुडबुडा नाही,” म्हणाला. तिनं घनता वाचली, मोठ्यानं. त्यानं मीटरच्या पडद्याशी तोंड नेऊन तो आकडा स्वतः वाचून घेतला. विजेचाही तसाच. तो तिच्या शब्दावर काही घेत नव्हता, प्रत्येक आकडा डोळ्यांनी बघत होता. तिचे कान तापले होते, मान वर होत नव्हती, आणि तरी त्यानं असंच बघावं, एकही सोडू नये, असं तिला वाटत होतं.

दुर्बिणीचं राहिलं होतं. तिनं स्टूल पुढे केलं. “बस ना. याला थोडा वेळ लागतो.”

तो बसला नाही. उभाच राहिला, हात मागे बांधून.

“होऊ दे,” तो म्हणाला. “घाई नाही मला.”